काँकर्डचं जेवण

ऍशफर्ड गावाला एक खोड होती. काहीही विचारा, उत्तर 'नाही'. प्रार्थनाघराला रंग द्यायचा का? नाही, बिनरंगाचं लाकूड काय देवाला दिसत नाही? शाळेला दुसरा मास्तर आणायचा का? नाही, आहे त्यालाच काम पुरत नाही. न्यू हॅम्पशरच्या डोंगरात, कनेटिकट नदीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं हे गाव. जमीन अशी की पेरलं तर धोंडे उगवावेत, आणि माणसंही त्याच मातीतली. सतराशे अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या शहाण्यांनी लिहिलेली नवी राज्यघटना ग्रामसभेपुढे आली, तेव्हा तिचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

प्रार्थनाघरात शेकोटी नव्हती. पायाखाली निखाऱ्यांच्या पेट्या घेऊन पुरुष बसले होते आणि पाद्रीबाबा तोंडातून वाफा सोडत वाचत होते. तेरा राज्यांवर एक सरकार. त्याचं स्वतःचं सैन्य, स्वतःचे कर, स्वतःची कोर्टं. नऊ राज्यांनी 'हो' म्हटलं की ते सुरू. आठ-नऊ महिन्यांत काय ते ठरणार होतं.

"म्हणजे आगीतून फुफाट्यात!" चर्चचा कारभारी, डीकन स्टिक्नी उभाच राहिला. गावात वयाने आणि आवाजाने तोच मोठा. "इंग्लंडच्या राजाला हाकलायला आठ वर्षं लागली. आता हा घरचा राजा हाकलायला माझ्यापाशी आठ वर्षं शिल्लक नाहीत बाबांनो. मी आत्ताच 'नाही' म्हणून मोकळा होतो."

लोक हसले. मग मागच्या बाकावरून टायटस वील उठला. रविवारी प्रार्थनेला टायटसने वरच्या माडीवर, काळ्या लोकांच्या जागेत बसायचं, अशी रीत होती. ग्रामसभेला मात्र तो खाली बसे, कारण त्याच्या नावावर जमीन होती आणि युद्धात तो याच गावाच्या तुकडीतून लढला होता.

"पाद्रीबाबा, ते पळून गेलेल्यांचं पुन्हा एकदा वाचता का?"

पाद्रीबाबांनी वाचलं. एका राज्यात कुणाच्या कामाला कायद्याने बांधलेला माणूस दुसऱ्या राज्यात पळून गेला, तर तिथल्या कायद्याने तो सुटणार नाही. ज्याचा तो आहे त्याने मागितला, की परत द्यावा लागेल.

"अरे टायटस, आपल्याकडे कोण पळून येतंय?" स्टिक्नी म्हणाला. "ऍशफर्डला पळून यायचं म्हणजे माणूस आधी वेडा झालेला हवा!"

पुन्हा हशा. टायटसही हसला आणि खाली बसला. सबंध सभेत एकच माणूस हसला नाही, तो जोथम कार्लटन.

हात वर झाले, गावाचा निकाल लागला: नाही. आता हा 'नाही' राज्याच्या अधिवेशनात नेऊन पोचवायला प्रतिनिधी हवा. लोकांनी जोथमला निवडलं. तो बोलका नव्हता, पण शब्दाला जागणारा म्हणून त्याची ख्याती होती. स्टिक्नीने त्याच्या खांद्यावर थाप मारून बजावलं, "हे बघ पोरा, डोकं इथंच ठेवून जा. गावाला तिथं फक्त तुझं तोंड लागणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी जोथम पडवीत छपराच्या फळ्या फोडत होता, तेव्हा टायटस आला. आल्याआल्या तो ओंडक्यावर बसला आणि फळ्यांकडे बघत राहिला.

"हसू आलं ना तुला काल?" जोथम म्हणाला.

"न हसून करतो काय? सगळे वळून बघतील, याला का नाही हसू आलं म्हणून."

आता खरी गोष्ट अशी, की फिबी, टायटसची बायको, मेरीलँडमधून पळून आलेली होती. दहा वर्षांपूर्वी युद्धात, पेनसिल्व्हेनियातल्या हिवाळी छावणीत जोथम आणि टायटस एका झोपडीत राहत होते, आणि फिबी सैनिकांचे कपडे धुवायला म्हणून तिथं येऊन चिकटली होती. एक दिवस तिच्या मालकाचा माणूस तिला शोधत छावणीत आला. टायटस तेव्हा लाकडं तोडायला गेला होता. झोपडीच्या दारात जोथम होता. तो म्हणाला, "ही आमच्याकडची आहे, न्यू हॅम्पशरची. माझ्या आईच्या घरी वाढलीय." तो माणूस दाराशी घुटमळला, आत वाकून बघायला लागला, तसा जोथम दार अडवून उभा राहिला तो हललाच नाही. शेवटी तो माणूस शिव्या देत निघून गेला. गावात ही गोष्ट चौघांनाच ठाऊक होती: ते दोघं नवराबायको, जोथम, आणि जोथमची बायको केझिया.

"आजवर इथं येऊन मागणाऱ्याला कुणी भीक घातली नसती," टायटस म्हणाला. "आपल्या गावात 'नाही'ला तोटा नाही. पण हा कागद पास झाला, की तो माणूस सरकार घेऊन येईल. मग स्टिक्नी काय करणार? पाद्रीबाबा काय करणार?"

"दहा वर्षं झाली रे. कोण येतंय आता?"

"फिबीला विचार. कुत्रं भुंकलं तर ती अजून आधी मागचं दार बघते." टायटस उठला. "तू जातोयस तिथं. गावाचा 'नाही' आहेच तुझ्याबरोबर. पण तो करांचा 'नाही' आहे, कोर्टाचा आहे. त्यात आमचाही एक असू दे. एवढंच."

जोथमने कुऱ्हाड खाली ठेवली, हात पुढे केला. टायटसने तो धरला.  

फेब्रुवारीत जोथम एक्झिटरला अधिवेशनाला गेला आणि तिथं त्याचं सगळं बिनसलं. डोकं घरी ठेवून जा असं स्टिक्नीने सांगितलं होतं, पण डोकं काही टोपी नव्हे. तिथं माणसं दिवसभर बोलत होती आणि जोथम ऐकत होता. एक म्हातारा सैनिक उठला आणि त्याच हिवाळ्याबद्दल बोलला: पोरं फडकी गुंडाळून बर्फातून चालत होती आणि देशाचं सरकार म्हणवणारी मंडळी तेरा राज्यांना पत्रं पाठवत होती, कृपा करा आणि काही धाडा. कुणी धाडलं, कुणी नाही. कोण विचारणार? जोथमच्या झोपडीत ईनॉस नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता, तो गोळीने मेला नाही, थंडीने मेला. जोथमला तो आठवला. त्याला मनापासून पटलं, की तेरा घरं अशी तेरा चुलींवर राहिली तर एक दिवस एकमेकांचीच लाकडं चोरतील. सरकार हवं.

आणि मग तो मुद्दा येई, पळून गेलेल्यांचा. एकजण त्यावरही तळमळून बोलला, जहाजं भरभरून माणसं गुलाम म्हणून आणायला आणखी वीस वर्षं मुभा दिलीय त्यावरही बोलला. लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, वाईट आहे खरं, पण दक्षिणेकडची राज्यं त्याशिवाय येत नाहीत. आणि सभा पुढच्या मुद्द्याकडे वळली. जोथमही वळला, नंतर त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याच्यासारखे बरेच होते. मन 'हो' म्हणतंय, गावाने 'नाही' बांधून दिलाय. अशांची संख्या बघून अधिवेशन तहकूब झालं: घरी जा, गावाकडून मोकळीक मागा, जूनमध्ये काँकर्डला भेटू. जोथमने मार्चच्या ग्रामसभेत उभं राहून अडखळत विचारलं, माझं मत मला देऊ देता का? गावाने आपलं नेहमीचं उत्तर दिलं.

सभा सुटल्यावर टायटस त्याच्याबरोबर वळणापर्यंत चालत आला.

"मोकळीक मागितलीस."

"नुसतं विचारलं रे. गावचं मत बदललं असेल तर म्हणून."

"हं," टायटस म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. त्या 'हं'ने जोथमची त्या रात्रीची झोप गेली.

जूनमध्ये तो काँकर्डला गेला. गावात गर्दी उसळली होती. आठ राज्यांचा होकार आलेला होता. न्यू हॅम्पशर 'हो' म्हणालं तर नववं, म्हणजे सरकार उभंच. अधिवेशनाच्या चौथ्या दिवशी, दुपारी मतं घ्यायची ठरली. सकाळचं काम संपलं तेव्हा ट्रेडवेल नावाच्या एका बड्या व्यापाऱ्याने जोथमचा दंड धरला. हसरा, गुबगुबीत गृहस्थ. अधिवेशन भरलं होतं त्या चर्चच्या समोरच त्याचं घर, मैदानापलीकडे.

"कार्लटन, आज दोन घास आमच्याकडे. नाही म्हणू नका, तुमच्या गावाची ती सवय मला माहीत आहे!"

जोथम गेला. टेबलाभोवती आणखी चार-पाच प्रतिनिधी बसलेले. त्यांची तोंडं बघितली आणि जोथमच्या लक्षात आलं: सगळे बांधलेले. मन एकीकडे आणि गाव दुसरीकडे असलेले. निवडून निवडून आणलेले. तिथंच त्याने उठायला हवं होतं. पण समोर नदीतला ताजा सॅमन मासा आला, लोण्यात परतलेले हिरवे वाटाणे आले, आणि उपऱ्या माणसाने यजमानाच्या घरून ताटावरून उठून जाणं बरं दिसत नाही. माणसाला पापापेक्षा असभ्य दिसण्याची भीती जास्त, दुसरं काय!

"मला कुणाचा शब्द मोडायला लावायचा नाही," ट्रेडवेल मासा वाढत म्हणाला. "छे छे! तुम्ही गावाला सांगितलंत 'हो' म्हणणार नाही. नका म्हणू. पण माणसाला जेवायला तर लागतंच की नाही? जेवता जेवता मतदान होऊन गेलं, तर तो काय तुमचा दोष?"

टेबलाभोवती कुणी वर बघितलं नाही. सगळे वाटाणे खात होते.

मग दारात एक माणूस आला आणि धापा टाकत म्हणाला, "नावं पुकारायला सुरुवात झाली."

"पुकारू देत, पुकारू देत," ट्रेडवेल म्हणाला. "पुडिंग आत्ता कुठं फडक्यातून काढलंय. गार झालं तर मॅडम मला घरात घेणार नाहीत."

जोथमने खुर्ची मागे सरकवली. खरंच सरकवली, फरशीवर तिचा आवाज झाला. मैदान ओलांडायला किती वेळ लागतो? त्याच्या डोळ्यांपुढे टायटसचा हात आला. त्याच वेळी ईनॉसही आला, निळा पडलेला. एकाला 'नाही' हवा होता, दुसऱ्याला सरकार. जोथम अर्धवट उठलेला तसाच राहिला. तेवढ्यात ट्रेडवेलच्या बायकोने त्याच्या ताटलीत पुडिंगचा भलामोठा तुकडा ठेवला, वरून साय ओतली आणि म्हणाली, "बसा ना, संकोच कसला?"

तो बसला. पुडिंग खूप गरम होतं, त्याची जीभ पोळली. तरी त्याने ते संपवलं. संपवेपर्यंत बाहेर घंटा वाजायला लागल्या होत्या आणि लोक टोप्या उडवत रस्त्यावर धावत होते. होकारवाले दहा मतांनी जिंकले. सरकार झालं.

परतीच्या वाटेवर प्रत्येक गावात त्याला लोकांनी थांबवलं. "काँकर्डहून? नववं राज्य! अरे, याला रम द्या!" कुणी विचारलं नाही की तू काय म्हणालास. सगळ्यांनी धरलं की हा राष्ट्र घडवून आलाय. जोथमने रम घेतली, हात मिळवले, आणि घोडा पुढे हाकला. वाटेत तो सारखा एकच हिशेब करत होता. दहा मतांचा फरक. माझं एक घातलं असतं तरी नऊ उरलीच असती. काय फरक पडला असता? काही नाही. पुन्हा पुन्हा केला तरी हिशेब बरोबर येत होता, आणि तरी तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत होता.

केझिया दारात दुधावरची साय काढत होती.

"झालं सरकार," तो म्हणाला.

"गावोगावच्या तोफा आम्हाला इथवर ऐकू आल्या. तुम्ही काय केलंत ते सांगा."

"मी... मी तेव्हा आत नव्हतो."

"मग कुठं होता?"

"जेवत होतो."

केझियाचा हात थांबला. "जेवत," ती म्हणाली. "का हो, घरी उपाशी ठेवते मी तुम्हाला?" आणि मग तिचा आवाजच फुटला. "काल फिबी अंडी घेऊन आली होती. विचारत होती, भावजी कधी येणार, काय बातमी आणणार. घटसर्पात आपली लेक गेल्यातच जमा होती, तेव्हा तीन रात्री मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? मी नव्हते, मी तापात होते. आता तिला काय तोंड दाखवू मी?"

"अगं, एका मताने काय झालं असतं? दहा मतांनी..."

"मला हिशेब नका सांगू. आधी जा आणि टायटसला तुमच्या तोंडाने सांगा. सभेत कळण्याच्या आत."

जोथम निघाला. टेकडी चढला. टायटसच्या शेताचं दगडी कुंपण त्या दोघांनी मिळून रचलं होतं. एकेक धोंडा बैलाने ओढून आणलेला. टायटस मक्यात निंदणी करत होता, फिबी लहानग्या पोराला घेऊन दारात शेंगा सोलत होती. सफरचंदाच्या झाडांना यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं. जोथम कुंपणाशी उभा राहिला, आणि कुत्रं भुंकलं. फिबीने चटकन मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं. जोथम कुंपणाआड खाली वाकला. शत्रूच्या गोळ्यांसमोर न वाकलेला माणूस! तसाच वाकून तो झाडीत शिरला आणि घरी आला. केझियाने त्याचं तोंड बघितलं आणि ती चुलीकडे वळली.

तेव्हा टायटसला ते सभेतच कळलं.

जोथम उभा राहिला आणि सांगून टाकलं. खोटं बोलता आलं असतं, पोट बिघडलं होतं म्हणता आलं असतं, पण खोटं त्याच्या जिभेवर येईना. "मी मत दिलं नाही. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. मतं घेतली तेव्हा मी एका घरी जेवत होतो."

 जोथमला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काय होतं जेवायला?" स्टिक्नीने विचारलं.

"सॅमन. आणि वाटाणे. आणि पुडिंग."

"पुडिंग!" म्हातारा हसता हसता खोकायला लागला. "अरे, आम्ही तोंड पाठवलं होतं, ते त्यांनी पुडिंग कोंबून बंद केलं!" आणि सगळं प्रार्थनाघर हसलं. बाक हादरले. कुणीतरी मागून ओरडलं, "पुढच्या वेळी मला पाठवा, मी दोनदा जेवेन!" स्टिक्नीने डोळे पुसले आणि म्हणाला, "जाऊ द्या. न्यू हॅम्पशर नसतं तर व्हर्जिनियाने केलं असतं. झालं ते झालं. आता ते सरकार आपल्या डोंगरापर्यंत रस्ता करतं का बघू." तोच स्टिक्नी, ज्याला घरचा राजा नको होता! त्या दिवसापासून गावात जोथमला 'पुडिंगवाला' नाव पडलं. एवढीच शिक्षा. गावाने त्याला माफ करून टाकलं, आणि जोथमला ती माफी आगीसारखी झोंबली. कारण मागच्या बाकावर टायटस बसला होता, आणि या वेळी तो हसला नाही.

सभा सुटल्यावर जोथम गर्दीतून त्याच्याकडे गेला. टायटस घरी निघून गेलेला होता.

चार दिवसांनी पहाटे टायटस दारात आला. "तुझी बैलगाडी हवी होती. एक दिवस. नदीपर्यंत."

नदीपलीकडे व्हरमाँट. तेरा राज्यांत व्हरमाँट नव्हतं. ते स्वतःचं स्वतः चालवत होतं, आणि त्यांच्या कायद्यात मोठ्या माणसाला गुलाम ठेवायला बंदी होती. जोथमला सगळं कळलं.

"अरे, असं कसं? मका उभा आहे. झाडांना आत्ता फळं..."

"गाडी देतोस का?"

"मी हाकतो," जोथम म्हणाला.

 गाडीत चरखा, कढया, बिछाने, आणि त्यांवर बसलेलं पोर. केझियाने वाटेसाठी पाव आणि चीज बांधून दिलं होतं आणि फिबीच्या गळ्यात पडून रडली होती; फिबी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू केझियाच कुठं निघालीय. आता फिबी गाडीच्या बाजूने चालत होती, सरळ पुढे बघत. जोथमला ती 'भावजी' म्हणाली नाही. 'बैलांना पाणी दाखवायला हवं' एवढंच एकदा म्हणाली.

नदीवर होडीवाला पलीकडच्या काठचा होता, एल्कना नावाचा बडबड्या. सामान चढवता चढवता त्याने विचारलं, "ऍशफर्डचे ना? मग तुम्ही आता मोठ्या घरातले! नववं राज्य! आमच्याकडेही बोलणं चाललंय बरं का. लोक म्हणतात, शेजारी सगळे एका छपराखाली गेले, आपण एकटे पावसात कशाला? दोन-तीन वर्षांत आम्हीही शिरू आत."

टायटसच्या हातातली कढई हातातच राहिली. त्याने फिबीकडे बघितलं.

"तेव्हा पुढे जाऊ," फिबी म्हणाली, आणि पोराला उचलून होडीत बसवलं.

जोथमला ते असह्य झालं. त्याने टायटसचा दंड धरला. "टायटस, ऐक. दहा मतांनी जिंकले रे ते. माझा एक 'नाही' पडला असता तरी..."

"मी मोजायला सांगितलं होतं का तुला?" टायटसचा आवाज चढला नव्हता. "मला ठाऊक होतं ते जिंकणार. आठ राज्यं झाली होती, नववं कोणीतरी होणारच होतं. तुझ्या 'नाही'ने काय थांबणार होतं? पण तू तिथं उभा राहून हरला असतास ना, तर मी घरी येऊन फिबीला म्हटलं असतं, घाबरू नकोस, गावात एक माणूस आहे. सरकार घेऊन कुणी आला, तर निदान एक दार अडवून उभं राहील. आणि मग आम्ही राहिलो असतो. मका काढला असता, सफरचंदं खाल्ली असती. तेवढ्यासाठी हवा होता तुझा 'नाही'."

जोथमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी उभा राहीन. देवाशपथ! परत चला. कुणी आला तर मी दारात उभा राहीन, मला मारून आत जावं लागेल त्याला. छावणीत राहिलो होतो की नाही?"

"राहिला होतास," टायटस म्हणाला. "त्याची आठवण आहे म्हणून तर तुझ्याकडे आलो होतो." त्याने जोथमचा हात आपल्या दंडावरून सोडवला, पण लगेच सोडला नाही, क्षणभर धरून ठेवला. "तू वाईट नाहीस, जोथम. तो दाराशी आला, तर तू त्याच्यासमोर उभा राहशीलही. पण तो आता दाराशी येणार नाही. तो तुला आधी जेवायला बोलावेल."

होडी सुटली. एल्कना वल्ह्यावर जोर देत पलीकडच्या गवताच्या पिकाबद्दल काहीतरी सांगत होता. फिबी पाठमोरी बसली होती. होडी पलीकडे लागली, सामान उतरलं, ती तिघं चढणीच्या वाटेला लागली, झाडीआड गेली, तोवर जोथम काठावरच उभा होता. मागे बघून कुणी हात केला नाही. मग त्याने रिकामी गाडी वळवली आणि गावाकडे निघाला.